दुसऱ्या सोमवारचा पाऊस

काचेत पाणी होतं.

मी ती मापाची काच डोळ्यांच्या रेषेत धरली. गुरुजींनी शिकवलं होतं तसा एक डोळा बारीक केला. सहाचा आकडा आणि त्याच्यावर एक बारीक रेघ. सहा पूर्णांक दोन मिलिमीटर. मग मान वर करून आभाळ पाहिलं. निळंभोर, ढगाचा ठिपकासुद्धा नाही. रात्री दोरीवर राहिलेलं लुगडं हाताला कडकडीत लागत होतं. कोंबड्यांनी उकरलेली अंगणातली धूळ वाऱ्यानं उडत होती.

मी पाणी परत बाटलीत ओतलं आणि पुन्हा मोजलं. पुन्हा सहा पूर्णांक दोन.

श्रावणातला मंगळवार होता तो. या गोष्टीला आता बावीस वर्षं होऊन गेली, तरी तो आकडा कुणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन.

आमचं सोनखडी गाव डोंगराच्या उगवतीला. मावळतीला घाटात धरणं भरून सांडत असतात, तिथली माणसं शेकोटीला बसलेली असतात, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडं चिमणीला अंघोळ करायला डबकं नसतं. तेवढंच नाही, ओढ्याच्या अलीकडं सर येऊन जावी आणि पलीकडं माती उडावी, हेही आम्ही पाहिलेलं. तरी कागदावर आमचा पाऊस मोजला जायचा तो तालुक्याच्या गावी, बारा मैल लांब. एका वर्षी तिथं दोन सरी पडल्या आणि त्यांच्या जोरावर आमच्या तळ्याचं दार बंद राहिलं. बाजरी उभी वाळली. तेव्हा आमच्या गुरुजींनी, म्हणजे माझ्या मालकांनी, ते प्राथमिक शाळेत होते, कृषी संशोधन केंद्राला सहा पत्रं लिहिली आणि गावासाठी पर्जन्यमापक मिळवला. जागा मोकळी हवी, झाडाची सावली नको, म्हणून तो आमच्याच परसात बसला. गोल डबा, वर पितळी कडेचं नरसाळं, आत बाटली, खाली सिमेंटचा कट्टा, भोवती तारेचं कुंपण आणि एक छोटं फाटक. गावात त्याला पर्जन्यमापक कुणी म्हणत नसे. ‘गुरुजींचा डबा’ म्हणत.

पुढं गुरुजींची बदली झाली. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. डबा माझ्याकडं आला. सोपवताना त्यांना जरा संकोच वाटत होता. रोज साडेआठला बघावं लागेल म्हणाले, कोरडा असला तरी एकही दिवस चुकवून चालणार नाही. मला त्यात अवघड काही वाटलं नाही. मी लग्नाआधीपासून नेमानं राहणारी. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, सोमवारचा उपवास. त्यात हा आणखी एक. नोंद झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, असं मी माझं मीच ठरवलं. माघ-फाल्गुनात शेजारणी हसायच्या तेव्हाही रोज जाऊन, बाटली उलटी करून वहीत शून्य लिहायची. पाणी असलं तर मोजून झाल्यावर तुळशीला घालायची. फुकट कशाला घालवायचं?

संशोधन केंद्रात नाईकवडी साहेब होते. त्यांना मी पाहिलं नव्हतं, फक्त आवाज ओळखायची. पावणेनऊला ग्रामपंचायतीच्या फोनवरून मी त्यांना आकडा सांगायची आणि मंगळवारी, शुक्रवारी ते मला पुढच्या दिवसांचा अंदाज सांगायचे. तो मी चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहायची. पहिल्या वर्षी लोक फळ्याला टेकून विड्या ओढायचे. दुसऱ्या वर्षी साहेबांनी ज्येष्ठात पेरणी आठ दिवस लांबवा म्हणून सांगितलं. जे थांबले त्यांचं बियाणं वाचलं, जे नाही थांबले त्यांना दुसऱ्यांदा पेरावं लागलं. तेव्हापासून फळ्याला कुणी टेकत नसे, वाचत असत.

त्या वर्षी तळ्यात पिण्याचं राखून एका पाळीपुरतं पाणी जास्त होतं. एकदाच सोडता येणार. लवकर सोडलं आणि मागाहून पाऊस आला तर वाया जाणार, उशिरा सोडलं तर पीक मेलेलं असणार. म्हणून गाव, पाटबंधाऱ्याचे शाखाधिकारी आणि नाईकवडी साहेब यांनी मिळून एक नियम बांधला होता. आमच्या डब्यात सलग पंधरा दिवस अडीच मिलिमीटरच्या वर पाणी नसावं, आणि पुढचा आठवडाही कोरडाच जाईल असा अंदाज असावा. दोन्ही जुळलं की दार उघडायचं.

त्या मंगळवारी पंधरावा दिवस होता. बाजरी पोटरीत आली होती, कणीस आतल्या आत अडकलेलं. चार वाजता शाखाधिकारी येऊन सही करणार होते आणि बुधवारी पाणी सुटणार होतं.

आणि माझ्या काचेत सहा पूर्णांक दोन.

मी वहीत तोच आकडा लिहिला, पाणी तुळशीला घातलं आणि चहा न घेताच फोन करायला गेले. चहाची आठवणच राहिली नाही.

नाईकवडी साहेबांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, “ताई, तुमच्याकडं पाऊस झाला?”

“पाऊस झाला नाही साहेब. डब्यात पाणी आहे.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. आजूबाजूच्या चारही केंद्रांवर शून्य आहे, म्हणाले. पण तुमच्या भागात एका शेतावर सर पडून जाते आणि दुसऱ्या शेतावर पडत नाही, म्हणूनच तर डबा तुमच्याकडं बसवला. तेव्हा शेजारी शून्य म्हणून तुमचा आकडा खोडता येणार नाही. पाणी कुठून आलं ते शोधून काढा. कळलं तर शेऱ्याच्या रकान्यात लिहू आणि तो दिवस कोरडा धरू. नाही कळलं तर पाऊस झाला असंच धरावं लागेल आणि पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील.

“आणि पुढं?” मी विचारलं.

“पुढं दहा दिवस काही नाही ताई. भाद्रपद लागल्यावर बघू.”

ते मी फळ्यावर लिहिलं. दहा दिवस पाऊस नाही. खडू खाली ठेवते तोच मागून आवाज आला.

“वहिनी, आभाळाचं वाचलं. डब्याचं तुमच्या तोंडून ऐकतो.”

हणमंतभाऊजी होते, माझे धाकटे दीर. आमची शेती तेच बघायचे आणि पाणी समितीचे अध्यक्षही तेच. सगळ्यांना हसवणारा माणूस. तेव्हा मात्र हसत नव्हते. ग्रामपंचायतीतून आकडा माझ्याआधी त्यांच्यापर्यंत पोचला होता.

ते माझ्याबरोबर परसात आले. डब्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून कट्ट्याला नाक लावून वास घेतला. दव असेल म्हणाले. मी म्हटलं, दवाचे फार तर दोन थेंब येतात. मग कावळा. कावळा नरसाळ्यात अंघोळ करून गेला असेल. मी विचारलं, कावळ्यानं अंघोळीला पाणी आणलं कुठून? त्यावर त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. शेवटी वरच्या आळीतल्या लोकांवर आले. त्यांच्या विहिरींना पाणी आहे, त्यांना तळं सोडायलाच नको आहे, त्यांच्यातलंच कुणी रात्री येऊन ओतून गेलं, वगैरे. मी म्हटलं, रात्रभर कुत्रं अंगणात असतं, त्यानं भुंकून गल्ली उठवली असती.

“मग शून्य लिवा की. आख्ख्या गावानं बघितलंय, पाऊस पडला न्हाय. खोटं कुठं हाय त्यात?”

मी पदर सारखा केला. मला मोठ्यानं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. लोकांना ऐकायला पुढं वाकावं लागतं. भाऊजीही वाकले.

“भाऊजी, त्या रकान्यात पाऊस किती पडला ते मी लिहीत नाही. डब्यात किती निघालं ते लिहिते. आज सहा असताना मी शून्य लिहिलं, तर उद्या मी लिहिलेलं शून्य कोण खरं मानेल? पुढच्या वर्षी कुणी शून्य असताना सहा लिहायला लावलं, तर त्याला काय सांगू?”

“तुमचं खरं राहील वहिनी, बाजरी तेवढी राहायची न्हाय.”

“आपलीही त्यातच आहे.”

“म्हणून तर म्हणतोय,” म्हणाले आणि फाटक न लावता निघून गेले. मी फाटक लावलं.

दुपारी जेवण गेलं नाही. घासाघासाला शेतं डोळ्यांपुढं यायची. आमचं पाटाच्या मध्यावर होतं, म्हणजे तग धरला असता दोन-चार दिवस. सगळ्यात वाईट होतं ते शेपटाकडचं, जिथं पाणी सगळ्यांत शेवटी पोचतं. तिथं शेजारच्या गजराआत्यांचा दीड एकराचा तुकडा होता. त्यांचा नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला ट्रकवर. बाजरी गेली तर त्या घरात वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न होता.

मी माळ घेऊन तुळशीपाशी बसले. मन जपात नव्हतं. ‘देवा, सकाळी ते पाणी कुठून आणलंस?’ एवढंच चाललं होतं आत. देवाला असं धारेवर धरू नये, पण त्या दिवशी धरलं खरं.

वृंदावनाच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. एकेका मुंगीच्या तोंडात पांढरा दाणा. मी आधी बघून न बघितल्यासारखं केलं. मग एक दाणा मुंगीची क्षमा मागून बोटावर घेतला, चष्मा लावून पाहिला, जिभेवर ठेवला.

तीळ.

पांढरे, धुतलेले तीळ. सकाळी काचेच्या तळाशी पाच-सात बारीक दाणे मला दिसले होते. गवताचं बी असेल, वाऱ्यानं आलं असेल, असं मनाशी म्हणून मी ते पाण्याबरोबर तुळशीला घातले होते. पण गवताला काही तीळ लागत नाहीत.

काल सोमवार होता. श्रावणातला दुसरा सोमवार. नव्या लग्नाच्या मुली पहिली पाच वर्षं श्रावणात शिवामूठ वाहतात. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जव. पिंडीवर मूठभर धान्य आणि वर पाणी. मीही पाच वर्षं वाहिली होती. काल मी स्वतः सकाळची नोंद करून डोंगरावरच्या महादेवाला गेले होते आणि ऊन कलल्यावर परतले होते. तेवढ्या वेळात परसात कुणी आलं असतं तर मला कळायचं कारण नव्हतं, आणि दिवसा ओळखीच्या माणसावर कुत्रंही भुंकलं नसतं. मुठीतले बाकीचे दाणे चिमण्यांनी कधीच टिपले असणार.

आमच्या गल्लीत त्या साली नवी सून एकच होती. गजराआत्यांची उज्ज्वला.

मी उठून शेजारी गेले. गजराआत्या दोन दिवस तापानं पडल्या होत्या, कुडापलीकडं खाटेवर. त्यांच्या कण्हण्यातही दरारा होता. गल्लीत एखाद्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला की मागोमाग त्यांचा आवाज यायचा, मग भांडं कुणाचंही असो. सून तीन महिन्यांपूर्वी आलेली, सतरा-अठराची, लांबच्या मोठ्या गावातली. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी अलीकडं, तिच्याजवळ पाटावर बसले आणि हळूच विचारलं, काल शिवामूठ कुठं वाहिलीस?

तिचा चेहरा उजळला. कुणीतरी विचारलं याचाच तिला आनंद झाला होता.

“तुमच्याकडंच, काकी. आत्याबाईंना ताप, डोंगरावर जायला मिळेना. म्हटलं सोमवार चुकायला नको. तुमच्या परसातल्या महादेवाला वाहिली. फुलपात्रभर पाणी नेलं होतं.”

“परसातला महादेव?”

“तुम्ही रोज सकाळी न्हाऊन येता, कट्टा पुसता, जास्वंदीचं फूल ठेवता, हात जोडता. त्याशिवाय चहासुद्धा घेत नाही, असं आत्याबाई सांगत होत्या.” ती थबकली. “शाळुंका जरा वेगळ्या घडणीची वाटली. म्हटलं तुमच्याकडं तशी पद्धत असेल.”

खरंच होतं ते. मी फूल ठेवत होते. कधीपासून ते आठवत नव्हतं. रोजच्या रोज न चुकता एखाद्या गोष्टीपुढं उभं राहिलं की हात आपोआप जुळतात, निदान माझे तरी जुळतात. इतके दिवस मी त्या डब्याची पूजा करत होते आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. माहेरून नवी आलेली मुलगी बघत होती.

मी तिला डबा म्हणजे काय ते सांगितलं. काल ओतलेलं पाणी आज सकाळी पाऊस म्हणून लिहिलं गेलं आणि त्यामुळं तळ्याचं दार अडकलंय, हेही सांगावं लागलं. तिच्या हातातली भाकरी काठवटीतच राहिली. डोळे भरून आले.

“काकी, आत्याबाई मला माहेरी पाठवतील. सगळं गाव नाव ठेवील. नव्या सुनेनं बाजरी मारली म्हणतील.”

“कुणाला काही कळायचं नाही,” मी म्हटलं. “चूक तुझी नाही. फूल मी ठेवलं होतं.”

असं म्हणून आले खरी, पण घरी पोचेपर्यंत कोडं सुटेना. नाईकवडी साहेबांना कारण हवं होतं. कारण सांगायचं तर नाव आलं. नाव टाळलं तर कारण कोण मानणार? एका बाजूला गावाची बाजरी, त्यात तिच्याच घरचा तुकडा, आणि दुसऱ्या बाजूला तीन महिन्यांच्या सुनेला जन्मभर चिकटणारं हसू.

चार वाजता चावडीवर माणसं जमली. शाखाधिकारी मोटारसायकलवरून आले. धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी कागद उघडला, माझा आकडा पाहिला आणि मिटला. भाऊजी उन्हाकडं हात करून म्हणाले, साहेब, ह्यो पाऊस बघा तरी. अधिकारी बरे होते. म्हणाले, मला डोळे आहेत हो, पण सही कागदावर करायची असते, आभाळावर नाही.

मी बायकांच्या घोळक्यातून पुढं आले. अशी आले नव्हते कधी. माणसं गप्प झाली, कारण गप्प झाल्याशिवाय माझं ऐकूच येत नाही.

“पाणी कुठून आलं ते कळलंय. काल सोमवारी एका नव्या सुनेनं डब्यावर शिवामूठ वाहिली. पिंड समजून. तिचा दोष नाही. मी रोज तिथं फूल ठेवते, हात जोडते. पाहणारं माणूस काय समजणार? बाटलीत तीळ निघाले. हे बघा.”

मुंग्यांकडून उचलून पदराच्या गाठीत बांधलेले चार तीळ मी टेबलावर ठेवले. मग मागून कुणीतरी फसकन हसलं आणि चावडीभर हसू पसरलं. भाऊजी तर भिंतीला टेकले. “वहिनी, डब्याला? डब्याला फूल?” एवढंच म्हणत राहिले. मीही हसले. चेहरा लाल झाला असणार, पण हसले.

अधिकारीही हसत होते. मग त्यांनी पेन काढलं. म्हणाले, हे चालेल, मी नाईकवडी साहेबांशी फोनवर बोलतो. पण जबाब लिहून घ्यावा लागेल. वाहणारीचं नाव?

मी मान खाली घातली. “नाव मी सांगणार नाही.”

“बाई, नावाशिवाय जबाब कसा होईल?”

“माझं लिहा. फूल मी ठेवलं.”

“पाणी तुम्ही ओतलं का?”

पाणी मी ओतलं नव्हतं आणि खोटं तोंडातून निघेना. भाऊजींचं हसू विरलं. गल्लीत नव्या सुना किती, हे चावडीवर बसलेल्यांनाही मोजता येत होतं. दोन-चार नजरा बायकांच्या घोळक्याकडं वळल्या. उज्ज्वला तिथं नव्हतीच, पण ती नसणंही लोक पाहू लागले होते.

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. घोंगडी पांघरलेल्या गजराआत्या चढून वर आल्या. डोळे तापानं तांबडे. कुडापलीकडं खाटेवर पडून त्यांनी आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं, हे मला तेव्हा उमगलं. मी मनातल्या मनात त्या पोरीसाठी देवाला हात जोडले. आता या बाईचा आवाज चावडी हलवणार.

“लिव्हा,” त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. “गजराबाई. पाणी म्या वतलं.”

भाऊजी पुढं झाले, आवाज मुद्दाम साधा ठेवून म्हणाले, “काकी, शिवामूठ? लग्नाला किती वर्सं झाली तुमच्या?”

“चाळीस.”

“ती पाच वर्सांची असती. नव्या नवरीची.”

“माझी एक मूठ राह्यली हुती,” गजराआत्या म्हणाल्या. “फेडाया नगं?”

चावडी दुसऱ्यांदा हसली. पहिल्या हसण्यापेक्षा हे जरा हळू होतं आणि बराच वेळ टिकलं. गजराआत्या हसल्या नाहीत. त्या अधिकाऱ्यांच्या पेनाकडं बघत उभ्या होत्या, ते नाव पुरं लिहीपर्यंत. मग अंगठा पुढं केला.

मी हरकत घेतली नाही. माझ्या वहीत मी आकडा खोडला नाही, सहा पूर्णांक दोनच ठेवला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, पावसाचं पाणी नव्हे, शिवामुठीचं. नाव लिहिलं नाही. वहीत तेवढं खरं होतं. सरकारी जबाबात जे गेलं त्याच्यासाठी मी पुढचा सोमवार निर्जळी केला. देवानं ते मान्य केलं असावं, कारण मला त्या दिवशी तहान लागली नाही.

नाईकवडी साहेब फोनवर एवढे हसले की अधिकाऱ्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्यांनी विचारलं, पुढचा अंदाज फळ्यावर लिहिलाय ना? दहा दिवस कोरडे? मग उघडा दार. लेखी पत्र उद्याच्या गाडीनं पाठवतो. आणि ताईंना सांगा, फूल ठेवायचं तर कुंपणाच्या बाहेर ठेवा.

बुधवारी पाटकऱ्यानं तळ्याच्या दाराचं चाक फिरवलं. पाणी पहिल्या दिवशी वरच्या शेतांत गेलं, दुसऱ्या दिवशी आमच्यात. भाऊजींनी वहिनी म्हणून हाक मारून मला बांधावर बोलावलं आणि काही न बोलता वाहत्या पाण्याकडं बोट दाखवलं. फाटक उघडं टाकून गेल्याबद्दलचं ते त्यांचं बोलणं होतं, मला कळलं.

शेपटाला पाणी पोचलं शुक्रवारी दुपारी. मी फळ्यावरचा नवा अंदाज लिहून तशीच तिकडं गेले. अजून सात दिवस कोरडे, असा होता. गजराआत्या ताप उतरलेल्या अंगानं, लुगडं खोचून, खोरं घेऊन सरीच्या तोंडाशी उभ्या होत्या. उज्ज्वला पलीकडच्या टोकाला, पाणी येईल तशी माती ओढत होती. मंगळवारपासून ती मान वर करून कुणाशी बोलली नव्हती. सासू चावडीवर काय बोलली ते तिला गल्लीनं सांगितलं होतं, सासूनं एक अक्षर काढलं नव्हतं.

पाणी बारीक धारेनं आलं. कडेच्या भेगांत आधी मुरलं, बुडबुडे आले, मग पुढं सरकलं. पहिल्या ताटाच्या बुडाशी पोचलं तेव्हा मुलीनं हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि सासूकडं बघितलं. काहीतरी बोलायचं होतं तिला.

गजराआत्यांनी खोऱ्यानं माती बाजूला केली. मान वर न करता म्हणाल्या, “येत्या सोमवारी मूग. डोंगरावर जायचं, मास्तरणीच्या मागं मागं. मधी कुठं म्हादेव दिसला तरी थांबायचं न्हाय.”

उज्ज्वला हसली. सासरी आल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता.

“खुरपं उचल,” गजराआत्या म्हणाल्या, “पानी फुटतंय तिकडं.”